चांद्रयानाच्या वाटेचे चित्र : एक उलटतपासणी

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याचा 'विक्रम' चंद्रावर उतरला. या चाळीस दिवसांत एक चित्र घराघरांत पोचले. डावीकडे निळी पृथ्वी, तिच्याभोवती मोठी मोठी होत जाणारी लंबवर्तुळे, त्यांतल्या शेवटच्यातून सुटलेली एक लांब रेघ आणि उजवीकडे चंद्राभोवती लहान लहान होत जाणारी वेटोळी. वर्तमानपत्रांनी ते छापले, दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ते हलते करून दाखवले. पुढे त्याचे तक्ते झाले आणि शाळांच्या भिंतींवर लागले. विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलच्या पृथ्वीला तारेची वेटोळी घातलेली प्रतिकृतीही आता ओळखीची झाली आहे.

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. तक्त्याचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. वास्तविक पुस्तकातला परिच्छेद मूल एकदा वाचते आणि भिंतीवरचा तक्ता वर्षभर पाहते. म्हणून या चित्राची एकदा नीट तपासणी करायला हवी. तिला दोनच साधने लागतात : इस्रोने त्या त्या दिवशी जाहीर केलेले कक्षांचे आकडे आणि वर्गमूळ काढता येणारा एक कॅल्क्युलेटर.

आधी चित्राचे श्रेय चित्राला दिले पाहिजे. यान सरळ रेषेत चंद्राकडे जात नाही, ते पृथ्वीभोवती फिरत फिरत आपली कक्षा लांबवते, ही गोष्ट या चित्राने लाखो लोकांना सांगितली. सगळ्या कक्षा पृथ्वीच्या एकाच बाजूला जवळ येतात आणि दुसऱ्या बाजूला लांबत जातात, हेही त्यात बरोबर आहे. दोष आहेत ते चित्रात जे दिसत नाही त्यात, आणि चित्रासोबत जी वाक्ये सांगितली जातात त्यांत.

आकडे काय सांगतात?

कक्षेतला पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे उपभू आणि सर्वांत दूरचा म्हणजे अपभू. इस्रोने जाहीर केलेल्या उंची किलोमीटरमध्ये अशा होत्या. पुढचा वेग आणि फेरीचा काळ आपण काढायचा आहे.

१४ जुलै : १७० × ३६,५००; उपभूपाशी वेग सेकंदाला १०.२८ किमी, फेरी १० तास ४४ मिनिटे
१५ जुलै : १७३ × ४१,७६२, वेग १०.३५, फेरी १२ तास ३० मिनिटे
१७ जुलै : २२६ × ४१,६०३, वेग १०.३०, फेरी १२ तास २८ मिनिटे
१८ जुलै : २२८ × ५१,४००, वेग १०.४१, फेरी १५ तास ५८ मिनिटे
२० जुलै : २३३ × ७१,३५१, वेग १०.५४, फेरी २३ तास ५६ मिनिटे
२५ जुलै : २३६ × १,२७,६०३, वेग १०.७२, फेरी ५१ तास ३१ मिनिटे
१ ऑगस्ट : २८८ × ३,६९,३२८, वेग १०.८४

वेग काढण्याचे सूत्र एका ओळीचे आहे : वे² = ३,९८,६०० × (२/र − १/अ). यात 'र' म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर, 'अ' म्हणजे लंबवर्तुळाच्या मोठ्या अक्षाचा निम्मा भाग, आणि ३,९८,६०० हा पृथ्वीचे वस्तुमान व गुरुत्व स्थिरांक यांचा गुणाकार, किलोमीटर आणि सेकंद या एककांत. उंचीत पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी मिळवायला विसरू नये. फेरीचा काळ केप्लरच्या तिसऱ्या नियमाने निघतो. हे गणित दहावीच्या मुलाला जड जाणार नाही.

पहिला दोष : 'वर' जाणे

चित्रात अग्निबाण पृथ्वीवरून वर जातो, आणि निवेदकही 'यान वर वर जात आहे' असेच सांगतो. सुमारे सोळा मिनिटांनी एलव्हीएम-३ या अग्निबाणाने यान सोडले तेव्हाचा हिशेब पाहू. एक किलो वस्तू १७० किमी उंच नेण्यासाठी सुमारे १.६ मेगाज्यूल ऊर्जा लागते. त्याच एका किलोला सेकंदाला १०.२८ किमी वेग देण्यासाठी सुमारे ५२.८ मेगाज्यूल लागते. म्हणजे यानाला मिळालेल्या ऊर्जेपैकी उंचीच्या वाट्याला अवघे तीन टक्के आले. उरलेली सगळी ऊर्जा आडव्या वेगाची आहे. म्हणूनच अग्निबाण उड्डाणानंतर थोड्याच वेळात पूर्वेकडे झुकू लागतो, आणि म्हणूनच पृथ्वीच्या फिरण्यामुळे श्रीहरिकोट्याला आधीच मिळालेला सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग उपयोगी पडतो. अवकाशात जाणे म्हणजे उंच जाणे, अशी मुलाची समजूत झाली असेल तर ती शंभरात तीन भाग खरी आहे.

दुसरा दोष : गोफण

चित्रातली वेटोळी समजावताना 'पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा गोफणीसारखा उपयोग करून यानाचा वेग वाढवला' असे वाक्य त्या दिवसांत सर्रास ऐकू आले. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला विचारा. गोफणीतल्या दगडाला वेग देतो तो त्याचा हात. पृथ्वीला असा हात नाही. यान उपभूकडे येताना जितका वेग कमावते तितकाच अपभूकडे जाताना गमावते. १४ जुलैच्या कक्षेत उपभूपाशी वेग १०.२८ किमी आहे, तर अपभूपाशी तो १.५७ उरतो. इंजिन कधीच चालवले नसते तर शंभर फेऱ्या मारूनही गुरुत्वाकर्षणाने कक्षा लांबली नसती.

१९७९ साली व्हॉयेजर यानांना गुरू ग्रहाने खराच वेग दिला होता. मात्र तेथे गुरू स्वतः सूर्याभोवती फिरत होता आणि त्याच्या त्या गतीतला कणभर वाटा यानांना मिळाला. पृथ्वीभोवतीच फिरणाऱ्या यानाला पृथ्वीकडून असा वाटा मिळत नाही.

मग वेटोळी कशासाठी? खरे कारण इंजिनात आहे. यानाच्या मुख्य इंजिनाचा रेटा ४४० न्यूटन, म्हणजे साधारण ४५ किलोचे वजन पेलेल इतकाच होता, आणि यान ३,९०० किलोचे. त्वरण निघते सेकंदाला सेकंदामागे सुमारे ११ सेंटिमीटर. वरच्या आकड्यांवरून सगळ्या टप्प्यांत मिळून यानाला सेकंदाला सुमारे साडेसहाशे मीटर वेग हवा होता, आणि या इंजिनाला त्यासाठी दीड तासाहून अधिक वेळ लागला असता. तेवढ्यात यान उपभू सोडून हजारो किलोमीटर वर गेलेले असते.

उपभू सोडला तर बिघडते कुठे? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेगात तेवढीच वाढ केली तरी आधीचा वेग जितका मोठा तितकी ऊर्जा जास्त मिळते. १०.२८ आणि १.५७ यांचे गुणोत्तर साडेसहाचे आहे. तेच इंधन उपभूपाशी जाळले तर अपभूपाशी जाळल्याच्या साडेसहापट ऊर्जा पदरात पडते. तेव्हा दुबळ्या इंजिनाने दर खेपेला उपभूपाशी काही मिनिटे जोर लावायचा आणि पुढच्या खेपेची वाट पाहायची, हाच काटकसरीचा मार्ग. १९६९ साली अपोलो-११ च्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा पुन्हा पेटवता येत होता आणि त्याने सुमारे सहा मिनिटांत हे काम उरकले. आपल्या वेटोळ्यांत गुरुत्वाकर्षणाची करामत नाही. लहान इंजिनाची अडचण आणि तिच्यावर काढलेला शहाणा तोडगा त्यांत आहे, आणि तो मुलांना सांगण्यात कमीपणाही नाही.

१७ जुलैची ओळ मुद्दाम पाहा. त्या दिवशी इंजिन अपभूपाशी चालवले होते. यानाला पुढेच ढकलले, तरी उपभूपाशी वेग १०.३५ वरून १०.३० वर आला! उपभूची उंची १७३ वरून २२६ किमी झाली म्हणून तो घटला. 'ढकलले की वेग वाढतो' असे सरसकट म्हणणाऱ्या वर्गाला हा एकच आकडा तासभर पुरेल.

तिसरा दोष : प्रमाण

चित्रात प्रत्येक वेटोळे आधीच्यापेक्षा थोडेसे मोठे असते, जणू यान एकेक पायरी चढते आहे. आता दोन टप्पे शेजारी ठेवा. २५ जुलैला उपभूपाशी वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटरने वाढला आणि अपभू ५६ हजार किमीने पुढे सरकला. १ ऑगस्टला त्याच उंचीवरच्या आधीच्या वेगाशी तुलना केली तर वाढ सुमारे १६७ मीटरची होती, म्हणजे थोडी कमीच. तरी अपभू २ लाख ४१ हजार किमीने पुढे गेला. इंधनाचा खर्च जवळपास तेवढाच, पण फळ चौपटीहून जास्त. मुक्तिवेगाच्या जितके जवळ जावे तितका वेगातला लहानसा फरक अंतरात प्रचंड होतो. याच कारणाने तेथे चूकही महाग पडते. पायऱ्यांसारख्या वेटोळ्यांनी नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

प्रमाणातले चित्र वर्गात काढणे अवघड नाही. फळ्यावर दहा सेंटिमीटर व्यासाची पृथ्वी काढा. चंद्र तीन मीटर दूर, पावणेतीन सेंटिमीटर व्यासाचा. पहिल्या कक्षेचा अपभू पृथ्वीपासून सुमारे २९ सेंटिमीटरवर, २५ जुलैचा एक मीटरवर. उपभूची १७० किमी उंची मात्र फळ्यावर सव्वा मिलिमीटर भरते, म्हणजे ती खडूच्या रेघेतच बुडून जाते. छापील चित्रात हे मावणार नाही, हे मान्य. पण 'चित्र प्रमाणात नाही' ही तीन शब्दांची ओळ तरी मावते.

चौथा दोष : गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर

शेवटच्या वेटोळ्यातून सुटणाऱ्या रेघेपाशी 'यानाने पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण भेदले' असे लिहिण्याची रीत पडून गेली आहे. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण आहे आणि अवकाश मोहिमांचेही. पहिल्यातला मुक्तिवेग, सेकंदाला ११.२ किमी, मुलाच्या लक्षात असतो. चंद्रावर जायचे म्हणजे तो गाठायचा, अशी सांगड ते आपल्या मनाने घालते.

आता आकडा पाहा. २८८ किमी उंचीवर मुक्तिवेग सेकंदाला १०.९४ किमी भरतो. १ ऑगस्टला यानाचा वेग होता १०.८४. चांद्रयान-३ ने चंद्राकडे निघताना मुक्तिवेग गाठला नव्हता आणि त्याला तो गाठायचाही नव्हता. त्याची कक्षा पृथ्वीभोवतीचेच एक लांबुळके लंबवर्तुळ होते. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीचे आकर्षण पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या सुमारे ३,६०० व्या भागाइतके राहते. हे तेच ३,६००, ज्याच्या आधारे न्यूटनने चंद्राचे फिरणे आणि झाडावरच्या फळाचे पडणे एका नियमात बसवले. चांद्रयान पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाबाहेर गेले असे म्हणायचे, तर चंद्रही बाहेर आहे असे म्हणावे लागेल. मग तो आपल्याभोवती का फिरतो?

पाचवा दोष : थांबलेला चंद्र

चित्रातला चंद्र जागेवर खिळलेला असतो आणि यान जवळ आले की तो त्याला 'ओढून घेतो'. यान १ ऑगस्टच्या मध्यरात्री निघाले आणि ५ ऑगस्टच्या संध्याकाळी चंद्रापाशी पोचले. तेवढ्या वेळात चंद्र आकाशात साठ अंशांहून अधिक सरकला होता. यान निघाले तेव्हा जिथे चंद्र नव्हता, अशा जागेचा नेम धरलेला होता.

राहिले ओढून घेणे. कढईच्या काठावरून सोडलेली गोटी तळाशी वेगाने येते आणि समोरच्या काठावर चढून जाते, तळाशी थांबत नाही. दुरून येणाऱ्या यानाचेही तसेच. चंद्रापासून १६४ किमी उंचीवर चंद्राचा मुक्तिवेग सेकंदाला २.२७ किमी आहे, आणि यान त्याहून जास्त वेगाने आले. त्याने उलट दिशेला इंजिन चालवून वेग २.१७ च्या आसपास आणला, तेव्हा कुठे ते १६४ × १८,०७४ किमीच्या कक्षेत राहिले. पकडले ते इंजिनाने, नुसत्या चंद्राने नव्हे.

चित्र काढावे की वाट मोजावी?

इतके दोष दाखवल्यावर दुसरे चित्र सुचवायला हवे. माझी सूचना अशी, की वाट काढून दाखवण्याऐवजी मुलांकडून मोजून घ्यावी. यालाच सिम्युलेशन म्हणतात. संगणकावरचे हलते चित्र आणि सिम्युलेशन यांत मोठा फरक आहे. हलत्या चित्रात यान चित्रकाराने आखलेल्या रेघेवरून धावते. सिम्युलेशनमध्ये रेघ आधी नसते. तेथे असतो फक्त नियम, आणि रेघ त्यातून उमटते.

शाळेच्या संगणकातली स्प्रेडशीट यासाठी पुरते. पृथ्वीचे केंद्र शून्यावर धरा. यान केंद्रापासून ६,५४८ किमीवर, वेग त्या अंतराला काटकोनात सेकंदाला १०.२७७ किमी. दर दहा सेकंदांनी तीन कामे करायची : अंतरावरून आकर्षण काढायचे, आकर्षणाने वेग बदलायचा, वेगाने जागा बदलायची. एका फेरीला सुमारे ३,९०० ओळी लागतात. सूत्र एकदाच लिहायचे आणि खाली ओढायचे.

येथे एक सापळा आहे आणि मुलांनी त्यात एकदा पडावेच. जागा बदलताना जुना वेग वापरला तर कक्षा मिटत नाही. यान दर फेरीला थोडे बाहेर सरकते आणि पडद्यावर मोठी मोठी होत जाणारी सुंदर वेटोळी उमटतात, थेट भिंतीवरच्या तक्त्यासारखी! इंजिन तर आपण चालवलेच नाही. ही ऊर्जा आली कुठून? हिशेबाच्या चुकीतून. आधी वेग बदला आणि तो नवा वेग वापरून जागा बदला, म्हणजे कक्षा ताळ्यावर येते. ही युक्ती जुनीच आहे. न्यूटनने १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'त समान काळात समान क्षेत्रफळाचा नियम सिद्ध करताना ग्रहाला ठरावीक वेळाने केंद्राकडे एकेक धक्का देऊन अशीच पायरीपायरीने वाट आखली होती.

सिम्युलेशनवर विश्वास केव्हा ठेवायचा, हे यातून कळते. ते छान दिसते म्हणून ठेवायचा नाही. इंजिन न चालवता यान १० तास ४४ मिनिटांनी मूळ जागी येते का? अपभू ३६,५०० च्या आसपास पडतो का? या कसोट्या उतरल्या की मग उपभूपाशी सेकंदाला ७३ मीटर वेग वाढवून पाहा. अपभू सुमारे ४१,६०० किमीवर जाईल. इस्रोचा आकडा ४१,७६२ आहे. फरक कशाने पडला, हे वर दिलेल्या आकड्यांवरून मुलांना शोधू द्या.

आपल्या या हिशेबातही बरेच काही गाळलेले आहे : हवेचा विरोध, पृथ्वीचा विषुववृत्तावरचा फुगवटा, सूर्याचे आणि चंद्राचे आकर्षण, इंधन जळताना घटणारे वस्तुमान. मोहिमेच्या मार्गदर्शकांना यातले काहीही गाळून चालत नाही. चांगल्या सिम्युलेशनची ओळख हीच, की आपण काय गाळले ते ते सांगते. तक्त्याचा मुख्य दोष हा, की तो काहीच सांगत नाही.

तरीही साध्या हिशेबाची ताकद कमी समजू नये. १ ऑगस्टची कक्षा घ्या. उपभूपासून अपभूपर्यंतची अर्धी फेरी केप्लरच्या नियमाने ४ दिवस साडेएकोणीस तासांची निघते. १ ऑगस्टच्या मध्यरात्रीत तेवढे मिळवले तर ५ ऑगस्टची संध्याकाळ येते, साडेसातच्या सुमाराची. यानाने चंद्रापाशी इंजिन चालवले तेही ५ ऑगस्टलाच, संध्याकाळी सातच्या सुमारास. चंद्राचे आकर्षण धरलेले नसताना उत्तर इतके जवळ यावे यात थोडा योगायोगही आहे. पण चार दिवसांचा प्रवास अर्ध्या तासाच्या फरकाने सांगणारा नियम दहावीच्या पुस्तकात बसलेला आहे, हे मुलाला स्वतःच्या हाताने कळले पाहिजे. 'गोफण' आणि 'भेदले' हे शब्द ऐकून ते टाळ्या वाजवते आणि पुढे जाते. ही बेरीज केली की मोठ्या मोहिमेचा एक दुवा आपल्यालाही तपासता येतो, हे त्याला समजते.

तेव्हा तक्ता काढून टाकू नका. त्याच्याखाली एक कोरा कागद चिकटवा आणि वर दिलेल्या सात ओळी मुलांकडून गणित करवून त्यावर लिहून घ्या. त्यांतली २० जुलैची ओळ अधोरेखित करायला सांगा : फेरी २३ तास ५६ मिनिटे. एवढ्याच वेळात फेरी पुरी करणारे दुसरे उपग्रह कोणते, ते आपल्याला आकाशात एकाच जागी का दिसतात, आणि चांद्रयान त्या दिवशी तसे का दिसले नसते, हे तीन प्रश्न पुढच्या तासाला पुरेसे आहेत.